छबूबाईंनी लावलेली पहिली कडी

शिंगणापूरच्या छबूबाईंना चाळिशी उलटेपर्यंत कडी कशी लावतात हे ठाऊक नव्हतं, यात त्यांचा काडीचा दोष नाही. माहेर गावातलंच आणि सासरही गावातलंच. दोन्ही घरांना चौकटी होत्या, उंबरे होते, उंबऱ्यावर हळदीकुंकू होतं. दार मात्र नव्हतं. शनिदेवाच्या गावात घराला दार बसवायचं नाही, ही रीत. कुत्रं शिरू नये म्हणून रात्री चौकटीला एक फळी टेकवायची आणि बाईमाणसाला आडोसा हवा असला तर जुनं लुगडं टांगायचं, की झालं. कडी, कोयंडा, कुलूप ह्या वस्तू छबूबाईंनी सोनईच्या बाजारात दुकानदाराने टांगलेल्या तेवढ्या पाहिल्या होत्या.

दोष होता तो दुसरीकडे. धीर नावाची चीज देवाने वाटली तेव्हा ह्या बाई बहुधा रांगेत पुढं घुसायच्या गडबडीत पार बाहेर ढकलल्या गेल्या असाव्यात. भाकरी करपली की "मेले!", कालवड दावं तोडून पळाली की "मेले!", पाहुणे दिसले की "मेले, आता काय करू!" दिवसातून इतक्या वेळा मरून ही बाई धडधाकट कशी, असं गावातली माणसं विचारत. नवरा भिमाजी अगदी उलट. गोठ्याचं छप्पर पेटलं तरी हा माणूस आधी पायतान शोधेल, मग उठेल. दोघांचा संसार चांगला चालला होता, कारण एकाने धावायचं आणि दुसऱ्याने बसायचं हे आपोआप वाटून गेलं होतं.

लेकीच्या लग्नात मात्र ह्या स्वभावाने घात केला. केशर ही त्यांची एकुलती एक लेक, पुणतांब्याला दिलेली. लग्न शिंगणापुरात. मांडव भरलेला, अंतरपाट धरलेला, आणि छबूबाईंना मंगळसूत्राची पुरचुंडी सापडेना. दुसरी कुणी बाई असती तर शेजारणीच्या कानात बोलली असती. ह्यांनी मांडवाच्या मधोमध उभं राहून हंबरडा फोडला, "चोरी झाली! मेले! चोरी झाली!"

शिंगणापुरात चोरी! वऱ्हाड्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले. गावातल्या म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. आणि पुरचुंडी निघाली कुठं, तर छबूबाईंच्या स्वतःच्याच कमरेला खोचलेल्या चंचीत. लग्न लागलं, पंगती उठल्या, पण नवऱ्या मुलाची आई रंगुबाई त्या दिवशी विहिणीकडे ज्या नजरेने बघून गेली, ती नजर छबूबाई विसरू शकल्या नाहीत.

पुढं केशरला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, सातव्या महिन्यात ओटी भरून लेकीला घरी आणायचं, हे ठरलेलंच. छबूबाईंनी हिरवं लुगडं आणलं, खण आणला, डिंक, खारीक, खोबरं गोळा केलं. आणि जावयाबरोबर रंगुबाईंचा निरोप आला. जावई बिचारा चौकटीत उभा राहून पायाच्या अंगठ्याने माती उकरत म्हणाला, "आईचा दात दुखतोया, त्यामुळं डोस्कंबी तापल्यालं हाय. तुमी मनावर घिऊ नका. ती म्हनली, घराला दार न्हाई आन् आईला धीर न्हाई, पोर धाडू कुनाच्या भरवशावर?"

घराला दार नाही ही तर देवाची रीत, त्याला कोण काय बोलणार! पण आईला धीर नाही, हे वाक्य छबूबाईंच्या काळजात रुतलं, कारण ते खरं होतं. रात्रभर त्यांना झोप नाही. लेक पहिलटकरीण, तिच्या बाळाचा पहिला टाहो आपल्या कानावर पडू नये? तिचं बाळ आधी दुसऱ्याच्या हातात जावं? सकाळी उठून त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "आपन जाऊ. मी तिथं तोंडातनं ब्र काढनार न्हाई. शांत बसंन. इहीनबाईंना बघूं द्या, मी कशी शांत बसते ती."

"बस की," भिमाजी म्हणाला.

ही गोष्ट एकाहत्तर सालच्या माघातली. बहात्तरचा दुष्काळ अजून यायचा होता, विहिरींना पाणी होतं आणि पावट्याच्या शेंगा भरल्या होत्या. येताना पोटुशी पोर यष्टीच्या धक्क्यांनी हैराण होईल म्हणून ह्या खेपेला आगगाडीने जायचं ठरलं. सोनईवरून यष्टीने राहुरी आणि राहुरीला मनमाडकडे जाणारी पॅसेंजर. छबूबाई जन्मात पहिल्यांदा आगगाडीत बसत होत्या. भिमाजीने त्यांना बायकांच्या डब्यात चढवलं, ओटीच्या सामानाचं बोचकं स्वतःकडे घेतलं आणि सांगितलं, "पुनतांबं आलं की मी हाक मारतो. मग उतर. तवर बस."

छबूबाई बसल्या. खिडकीतून कोळशाचे कण डोळ्यात जात होते तरी त्यांनी खिडकी सोडली नाही. ऊस, विहिरी, बांधावरची माणसं मागं पळत होती आणि आपण शांत बसलो आहोत, हे त्यांना फार आवडलं. पण राहुरीच्या स्टेशनावर त्या तांब्याभर पाणी प्यायल्या होत्या आणि ते पाणी काही शांत बसणारं नव्हतं. बेलापूरला, म्हणजे श्रीरामपूरच्या स्टेशनावर, डब्यात बायकांची गर्दी चढली, तिकडं त्यांचं लक्षही गेलं नाही. चितळी सुटल्यावर मात्र निभेना. समोरच्या बाईला हळूच विचारलं, तिने डब्याच्या टोकाला बोट दाखवलं.

संडास म्हणजे शेताच्या कडेला, अंधाराच्या आडोशाला, एवढंच जिला माहीत, तिला गाडीच्या संडासाने आधी घाबरवलंच. खालच्या भोकातून रूळ पळताना दिसत होते. छबूबाईंनी लुगडं आवरलं, एका हाताने दांडी धरली आणि बसल्या. दार त्यांनी नुसतं लोटलं होतं. दार असणं हेच त्यांच्या दृष्टीने पुष्कळ झालं होतं.

तेवढ्यात कुणीतरी ते उघडलं.

बाहेरची बाई किंचाळली, आतली बाई किंचाळली. "कडी घालायला काय झालं वं?" बाहेरची तणतणली आणि दार आपटून निघून गेली. तिच्या मागं दोनचार बायका खिदळल्याचंही ऐकू आलं. छबूबाईंचे कान तापले. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. उठून त्यांनी तो लोखंडी दांडा आयुष्यात पहिल्यांदा हातात धरला आणि सगळी शरम त्यात ओतून असा काही ढकलला की तो खणकन् पार शेवटाला जाऊन बसला. छबूबाईंनी लावलेली पहिली कडी. लावली मात्र झकास.

मग आवराआवर करून त्या निघाल्या आणि कडी सरकेना.

आधी एका हाताने, मग दोन्ही हातांनी. दाराला खांदा लावून जोराने बाहेर ढकललं, कडी ओढली. हलायचं नाव नाही. जितका खांदा दाबावा तितकी कडी जास्त आवळून बसे. मग काय! तिथून पुढं जे झालं ते डब्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू गेलं.

"मेले! मेले गं बाई! दार! दार! अवो, केशरचं बाबा! कुनीतरी धावा!"

बायका गोळा झाल्या. त्याही दाराला भिडल्या आणि बाहेरून आत ढकलू लागल्या. आतून एक बाई बाहेर ढकलतेय, बाहेरून चौघी आत ढकलतायत, आणि दाराचं काय व्हावं याचा निकाल लागेना. कुणी म्हणालं गार्डाला सांगा, कुणी म्हणालं काच फोडा. एकीने साखळी ओढायला हातही वर केला.

"साखळीला हात लावू नका," एक आवाज आला. बसका, तोंडात काहीतरी धरून बोलल्यासारखा. "साखळी वढली तर आख्खी गाडी बघायला येईल. बाईची अब्रू न्हाई का काय? आन् दारावरचंबी हात काढा सगळ्यांनी. व्हा बाजूला."

बाहेरचा गलका थांबला. मग तोच आवाज दाराच्या फटीशी आला. "बाई. आधी गप."

"मावशी, मी मेले वं—"

"मेल्यालं मानूस बोलत न्हाई. गप."

छबूबाई गप्प झाल्या. आजवर त्यांना गप्प बस म्हणणारे पुष्कळ भेटले होते, पण ते सगळे वैतागून म्हणायचे. हा आवाज वैतागला नव्हता.

"हाताला काय लागतंय?"

"आं?"

"हाताला काय लागतंय, ती सांगा."

छबूबाईंनी चाचपलं. तोवर त्यांनी कडीशी झटापट केली होती, कडीकडे पाहिलं नव्हतं. "लोखांड हाय. गार हाय. त्याला धरायला एक बोंडूक हाय," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या लक्षात आलं की आपला श्वास जरा जागेवर आलाय. पण तेवढ्यात गाडीचा वेग कमी व्हायला लागला. बाहेर कुणीतरी ओरडलं, "पुनतांबं! पुनतांबं आलं!" आणि जागेवर आलेलं सगळं पुन्हा उधळलं.

"मावशी, माझं गाव आलं! मला हितंच उतरायचंय! माझी लेक पोटुशी हाय, तिला न्यायला आलेय मी. तिची सासू आधीच पाठवायला तयार न्हाई. लई खाष्ट बाई हाय, मावशी. म्हनती, आईला धीर न्हाई. आता हे तिच्या कानावर गेलं तर माझी लेक मला दिसायची न्हाई. तुमाला सांगते, त्या बाईचं तोंड म्हंजी—"

गाडीने आचका दिला आणि पुढचं राहून गेलं.

"बरं," बाहेरून आवाज आला. "बोंडकाला हात हाय का अजून?"

गाडी थांबली. फलाटावरून भिमाजीची सावकाश हाक आली, "अगं ए, उतर, आलं गाव." छबूबाई पुन्हा दारावर तुटून पडल्या. बायका उतरल्या, बायका चढल्या. शिट्टी झाली. भिमाजीची हाक मागं मागं गेली आणि बंद झाली.

आता मात्र छबूबाई ओरडल्या नाहीत. त्या दाराला कपाळ टेकून रडायला लागल्या. ओरडायला काहीतरी आशा लागते. सगळं संपलं होतं. लेक तिकडं, नवरा फलाटावर, ओटीचं सामान त्याच्याजवळ आणि आपण मुलखाबाहेर चाललेल्या गाडीच्या संडासात.

"रडून झालं का?" आवाज आला.

छबूबाईंनी डोळे पुसले. "मावशी, तुमी हायेत अजून?"

"हाये."

"तुमचं स्टेशन कंचं?"

"हुतं. गेलं."

ही कोण, कुठली बाई, आपल्यासाठी स्वतःचं स्टेशन सोडून दाराशी उभी आहे! छबूबाईंना इतकी लाज वाटली की भीतीला जागाच उरली नाही.

"आता ऐका. दार कुनीकडं ढकलताय?"

"भाईर."

"ढकलू नगा. त्यो दांडा त्यानंच अडकलाय. दार आपल्या अंगाकडं वढा. वढलं? आता बोंडूक सरकवा. हळू."

छबूबाईंनी दार स्वतःकडे ओढलं. बोंडूक दोन बोटांनी सरकवलं. टक् करून कडी मागं गेली, जणू तिला कधी कुणी अडवलंच नव्हतं.

दार उघडलं. समोर गालावर फडकं बांधलेली, सुजलेल्या तोंडात कापसाचा बोळा धरलेली, श्रीरामपूरच्या डॉक्टराकडून दात काढून घरी निघालेली रंगुबाई उभी होती.

"तर माझं तोंड म्हंजी काय?" रंगुबाई म्हणाल्या. "ती राहिलं सांगायचं."

छबूबाईंना वाटलं, पुन्हा आत जावं आणि कडी लावावी.

कोपरगावला दोघी उतरल्या. उलट गाडीला अवकाश होता. फलाटावरच्या लिंबाखाली दोघी विहिणी बसल्या, मध्ये आणखी दोघी बसतील एवढी जागा सोडून. छबूबाईंनी मान वर केली नाही. आता ही काय बोलेल ते ऐकून घ्यायचं, आणि रिकाम्या हाताने घरी जायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. रंगुबाईंनी बोळा काढून टाकला, नळावर चूळ भरली आणि परत येऊन बसल्या. ह्या खेपेला जरा जवळ.

"मी वरडन्यावरनंच वळीकलं, आत कोन हाय ती," त्या म्हणाल्या. "असं वरडनारं मानूस मी जलमात एकच बघितलंय."



"माझं पयलं बाळातपन माहेरी झालं," रंगुबाई रुळांकडे बघत म्हणाल्या. "आई माझी तुमच्यासारकीच. जीव लई, धीर न्हाई. कळा सुरू झाल्या आन् तीच वरडाया लागली. ती वरडती म्हनून भावजया वरडाया लागल्या. पानी तापवायचं कुनाला सुचलं न्हाई, सुईनीला बोलवायचं कुनाला सुचलं न्हाई. पोरगी हुती. र्‍हायली न्हाई." त्यांनी गालावरचं फडकं सारखं केलं. "आईला मी कदी बोल लावला न्हाई. पन केशरला दिवस गेलं तसं माज्या डोळ्यापुढनं ती हालत न्हाई. म्हनून धाडलं तसं बोलून. दाराचं आपलं निमित्त."

लग्नानंतर दोन वर्षं ज्या बाईला त्या मनातल्या मनात खाष्ट म्हणत आल्या होत्या, तिच्या शेजारी बसून छबूबाई पदराने नाक पुसत राहिल्या. दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर दोघीही रडल्या असत्या, आणि रंगुबाईंना टाके होते.

"बराबर हाय तुमचं," शेवटी छबूबाई म्हणाल्या. "राहूं द्या केशरला तुमच्याकडंच. माज्यानं व्हायचं न्हाई."

"कडी कुनी उघडली?"

"तुमी सांगितलं म्हनून—"

"मी भाईर हुते. हात कुनाचा हुता?" रंगुबाई उठल्या, पदर झटकला. "चला, गाडी दिसाया लागली. आन् पोरीला न्या. आमच्याकडं ठेवून मी काय करू? मलाबी भ्या वाटतंय."

पुणतांब्याच्या फलाटावर भिमाजी बोचक्यावर बसलेला होता. त्याने जागा बदललेली नव्हती. "मला वाटलंच, पुढं गेली आसंल," तो म्हणाला. "म्हनलं, गाडी हाय, येईल माघारी." मग बायकोच्या शेजारी विहीणबाईंना बघून त्याने घाईघाईने टोपी सारखी केली. त्या दिवसातली ती त्याची एकमेव घाई.

चैत्र सरता सरता केशरचे दिवस भरले. रंगुबाई आधीच येऊन राहिल्या होत्या. विहिणीने विहिणीच्या घरी बाळंतपणाला येऊन बसणं गावाला नवीन होतं, पण त्यांनी कुणाला विचारलंच नव्हतं. येताना जाड काळी घोंगडी आणली होती. "दार न्हाई तर न्हाई. देवाचं देवाला. पन बाळातिनीला वारं लागाया नगं," म्हणून त्यांनी ती स्वतःच्या हाताने आतल्या खोलीच्या चौकटीला ठोकली. ऐन उन्हाळ्यात घोंगडी! सुईण बनुबाई घाम पुसत शिव्या घालत होती, पण घोंगडी राहिली.

सकाळी उन्हं अंगणात आली आणि कळा वाढल्या. केशर घाबरली. बनुबाई सांगत होती, अजून जोर करू नगं, अजून वेळ हाय. आणि पोर भीतीने सगळं अंग आवळून जोर करत होती, "आई, मी मेले" म्हणून टाहो फोडत होती. आईचीच लेक! छबूबाईंच्या तोंडाशी ओरडणं आलं होतं. त्यांनी ते गिळलं. लेकीच्या उशाशी बसून त्यांनी तिचा हात आपल्या हातात घेतला.

"केशर. आधी गप. हाताला काय लागतंय?"

"आं?"

"हाताला काय लागतंय, ती सांग."

"तुजा हात," केशर हुंदका देत म्हणाली.

"गार हाय का गरम?"

"गार. घामाजलाय."

"मग त्यो धर. आन् ढकलू नगं आत्ता. बनुबाई सांगंल तवा."

पोरीचा श्वास जागेवर आला. पुढं सगळं बनुबाई सांगेल तसं झालं.

घोंगडीबाहेर मात्र वेगळंच चाललं होतं. आतला आवाज एकाएकी थांबला आणि रंगुबाईंचा धीर सुटला. गाडीत अख्खा डबा गप्प बसवणारी ती बाई चौकटीशी उभी राहून घोंगडी दोन्ही मुठींनी आवळून ओरडत होती, "का गप झाली वं पोर? इहीनबाई! आवाज का येत न्हाई? मेले वं! कुनीतरी बोला!" भिमाजीने चूल पेटवून पाणी ठेवलेलं होतं, तो तसाच फुंकणी हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिला.

आतून एक बारीकसा ट्यांहां ऐकू आला. मग घोंगडीच्या पलीकडे, अगदी जवळ, छबूबाईंचा आवाज आला.

"इहीनबाई, आधी गप."

रंगुबाई गप्प झाल्या.

"मुठी सोडा. हात पुढं करा. हाताला काय लागतंय?"

"काय न्हाई," रंगुबाईंनी मुठी सोडून हात पुढं केले. "रिकामं हायेत हात."

घोंगडी एका कडेने उचलली गेली आणि जुन्या मऊ लुगड्यात गुंडाळलेली, डोळे घट्ट मिटलेली नात रंगुबाईंच्या हातात आली.

"आता सांगा," छबूबाई म्हणाल्या.

 रंगुबाई तिथंच उंबऱ्यावर बसल्या आणि बाळाला छातीशी धरून मोठमोठ्याने रडल्या. त्यांना त्या दिवशी कुणीच गप्प बस म्हटलं नाही. भिमाजीने पाण्याचं पातेलं आत दिलं आणि जावयाला कळवायला, आधी पायतान शोधून, निघाला.